बिनस्पिरिटचा इसेन्स

शहागडला हायवेच्या कडेला चांगुणाबाईंचा सरबताचा गाडा आहे, आणि गाड्यापेक्षा त्यांचं नाक जास्त प्रसिद्ध आहे. ट्रकवाला असो, बाजारकरी असो, की गावातला एखादा पुढारी असो, समोर उभं राहून त्याने 'मावशी, एक लिंबू सोडा' एवढं म्हटलं, की त्या चार शब्दांबरोबर आलेल्या वाऱ्यावरून बाईंना कळायचं, गडी कोरडा आहे की ओला. ओला निघाला तर सोडा मिळायचा नाही. वर 'जाय घरी, बायको वाट पाहून राह्यली' हे चारचौघांत ऐकून घ्यावं लागायचं. गावात कुठे हातभट्टी पेटली की बायकांचा मोर्चा निघायचा आणि त्याच्या पुढे चांगुणाबाई असायच्या, पदर खोचून, हातात काहीतरी फोडण्यासारखं घेऊन.

लोक म्हणायचे, बाई फार तापट. तसं काही नव्हतं. बाई घाबरट होती, आणि हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ देवानंद भर दुपारी पिऊन गोदावरीत पाय धुवायला उतरला होता. त्याला वर काढला तेव्हा पोरसवदा चांगुणा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन 'दादा, दादा' करत बसली होती, आणि इतका वेळ पाण्यात राहूनही त्या तोंडाचा वास गेलेला नव्हता. तेव्हापासून तो वास आला की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या आणि मग ती ओरडायची. ओरडलं की भीती जरा कमी व्हायची. सगळ्या मोर्च्यांचं मूळ हे इतकंच होतं.

नवरा शिवाजी सुपारीचंही खांड न खाणारा सज्जन माणूस. तो काविळीने लवकर गेला. मागे एकच मुलगी, पायल. ती आईच्या नाकाला पुरती विटलेली होती. कॉलेजच्या मैत्रिणींना सोडायला त्यांचे भाऊ घरी आले तरी आई त्यांची चौकशी हुंगून करायची. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा पायलने आईला समोर बसवून एक अट घातली. "आई, म्या तुझं सगळं ऐकलं. आता माझं एक ऐक. माझ्या नवऱ्याचं तोंड हुंगायचं न्हाई. त्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. मला शब्द दे." बाईंनी शब्द दिला. देताना त्यांना वाटलं, सोपं आहे.

जावई धम्मपाल हा कुंभार पिंपळगाव या गावचा. शहागडला चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हाताला कसब, बोलायला गोड. सोय म्हणून नवराबायको बाईंच्याच शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. सासू-जावयाचं नातं म्हणजे मोठं अवघड प्रकरण. जगाला फैलावर घेणाऱ्या चांगुणाबाई जावयासमोर आल्या की पदर सारखा करून भिंतीशी बोलायच्या. "पायल, इचार गं, जेवायला वाढू का म्हणून." पायल घरात नसली तरी असंच. आणि धम्मपालही तितक्याच गंभीरपणे भिंतीला उत्तर द्यायचा, "वाढा म्हणावं." त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि त्याची चूक त्याच्या तोंडावर तर मुळीच काढायची नाही. ही रीत बाईंना कुणी शिकवली नव्हती. आईला आणि आजीला त्यांनी अशीच पाहिली होती.

धम्मपालला सिगारेटची सवय होती. ती सुटावी म्हणून त्याने कुणा मित्राकडून एक पेन आणलं. पेन म्हणजे लिहायचं नव्हे. बॅटरीवर चालणारं, आत लिक्विड भरायचं, ओढलं की वाफ निघायची. देशात त्या वस्तूच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे लिक्विडही चोरून आणावं लागायचं. हातात कसब असलेल्या माणसाला ते परवडत नाही असं नाही, पण पटत नाही. त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि लिक्विड घरीच बनवायला लागला. बाईंना हे पायलकडून कळलं. "सिगारेट सोडून राह्यले ते, आई. नुसती वाफ हाय." कोरोनाच्या दिवसांत सगळ्या गावाने तोंडावर टॉवेल घेऊन वाफ घेतली होती. वाफेने कुणाचं काय बिघडतं? बाईंना उलट बरंच वाटलं.

मग एका दुपारी घड्या केलेल्या चादरी ठेवायला त्या पायलच्या खोलीत गेल्या. मांडणीवर चार्जरच्या वायरींमागे एक काळपट तपकिरी बाटली होती. वर इंग्रजी अक्षरं, फुलाचं आणि लांबट शेंगांचं चित्र. इसेन्सची बाटली, हे बाईंनी पाहताक्षणी ओळखलं. सगळा जन्म बर्फाच्या गोळ्यावर रंग आणि वास शिंपडण्यात गेलेला. ज्याच्या वस्तूला हात लावायचा नव्हता त्याचीच ती वस्तू, पण इसेन्स म्हटल्यावर बाईंचा हात गेलाच. त्यांनी झाकण उघडलं.

वरून वास गोड होता, आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्यासारखा. त्या गोडाच्या खाली दुसरा होता. बाईंच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी पुन्हा हुंगलं. शंकाच नव्हती.

दारू! आणि तीही ग्लासात ओतून नाही, तर नळीतून, श्वासातून. पिणाऱ्याच्या पोटात जाते, पोट कधीतरी ओकून टाकतं. हा तर छातीत भरून घेत होता, आणि तोंडाला व्हॅनिलाचा वास ठेवून. आता आपल्या नाकाचाही उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या तिथेच चादरींवर बसल्या.

आता करायचं काय? पायलला सांगावं, तर शब्द मोडला हे आधी कबूल करावं लागणार. जावयाला सांगावं, तर ते तोंड कुठून आणायचं. मोर्च्यातल्या बायकांना सांगावं, तर गावभर पोरीच्या संसाराची फजिती. जगाचा ओला-कोरडा निवाडा करणाऱ्या बाईच्या घरातच हे निघालं, म्हणून लोक दात काढणार ते वेगळंच. पुढचे काही दिवस जावई दुकानात गेला की त्या मांडणीजवळ जाऊन बाटली उजेडात धरून पाहायच्या. रोज ती थोडी खाली गेलेली असायची. रोज त्यांना नदीकाठचा देवानंद दिसायचा.

गाड्याचा माल आणायला त्या नेहमी जुन्या जालन्यात जायच्या. तिथे धान्याच्या आणि कापडाच्या ठोक दुकानांच्या बोळात राधेश्यामचं रंग-इसेन्सचं दुकान. त्या खेपेला बाईंनी चिंधीत थोडा इसेन्स भिजवून, पिशवीत गुंडाळून बरोबर नेला. राधेश्यामने चिंधी नाकाला लावली आणि हसला.

"मावशी, ह्याच्यात घाबरायसारखं काय हाय? व्हॅनिलाचा अर्क हाय. शेंगा स्पिरिटमध्ये भिजवून वास काढतेत. केकवाले थेंबभर टाकतेत, भट्टीत स्पिरिट उडून जातं."

"म्हंजी दारूच की."

"दारू न्हाई हो, पण जात तीच म्हणा."

"हाच वास बिनस्पिरिटचा मिळन का?"

"तेलावरचा हाय ना. मिठाईवाले नेतेत, चॉकलेटवाले नेतेत. बराबर हाच वास. कशात टाकायचा तुम्हाला?"

राधेश्यामने विचारलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तोंडापर्यंत आलं होतं बाईंच्या, की जावई असं असं काहीतरी ओढतो. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि जावयाचं असलं बोलणं बाजारात काढायचं म्हणजे अंगावर काटा. त्या म्हणाल्या, "घरीच. खायला."

"मंग बिलकुल न्या. पोटाला काही होत न्हाई."

तेलाचं नाव ऐकून बाईंच्या जिवात जीव आला. तेलाने कधी कुणाचं वाकडं झालं? सर्दी झाली की त्यांची आई नाकात कोमट तेलाचा थेंब सोडायची. पायलच्या टाळूवर, बेंबीत, कानात त्यांनी स्वतः तेल जिरवलं होतं. बाळंतिणीला तेल, बाळाला तेल, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेल. माणूस कोरडा पडला की त्याला तेल लावायचं, हे त्यांना चालण्या-बोलण्याइतकं माहीत होतं. छातीत ओढायचंच आहे ना जावयाला, तर ओढू दे बापडा तेलाचा वास. मद्य न घेण्याचं शीलही मोडणार नाही आणि छातीलाही ओलावा मिळेल.

घरी येऊन त्यांनी ती तपकिरी बाटली पदराखाली गाड्यावर नेली. आतला अर्क रस्त्याच्या कडेला ओतला. मातीने तो क्षणात पिऊन टाकला. बाटली गरम पाण्याने विसळून उन्हात पालथी घातली, पूर्ण वाळू दिली आणि तेलावरचा इसेन्स जेवढ्याला तेवढा भरला. मांडणीवर वायरींच्या मागे परत ठेवताना त्यांना भीती होती, पण आता ती चोरी पकडली जाण्याची साधी भीती होती. तिच्यात थोडी मजाही होती.

भिंतीपलीकडून जावयाचा आवाज आला तेव्हा मात्र बाई कान देऊन उभ्या राहिल्या. "पायल, ह्या डावाचं लिक्विड फुटून राह्यलं. वर तवंग येऊन राह्यला."

"मंग हलवून घ्या की," पायल म्हणाली. "उन्हानं झालं असन."

तो हलवून घ्यायला लागला. वाफ पहिल्यापेक्षा दाट येते, म्हणाला. बाईंनी सुस्कारा सोडला. त्या पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना मद्याचं पाचवं शील आलं, आणि शेजारच्या ओळीत पांढऱ्या शर्टात हात जोडून बसलेल्या जावयाचा आवाज बाईंना ऐकू आला. कितीतरी दिवसांनी त्यांचा स्वतःचा आवाज मोकळा लागला. त्याला कळूही न देता आपण त्याला सांभाळून घेतलं, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.

पोळ्याच्या सुमारास धम्मपालला खोकला लागला.

आधी कोरडा होता. बाईंनी अडुळशाचा काढा केला, हळदीचं दूध पायलच्या हातून पाठवलं. तोही घशाला बरं वाटतं म्हणून पेन जास्तच ओढू लागला. मग ताप यायला लागला, संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग सुया दिल्या. दुकानाच्या पायऱ्या चढून गेला की धम्मपाल काउंटरला धरून उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाला हाताने 'थांबा' म्हणायचा. एके सकाळी तो खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेला बाईंनी दारातून पाहिला. ओठांचा रंग जांभळट झाला होता. तोंड उघडं, आणि हवा आत जात नव्हती. माणूस पाण्यात नसतानाही बुडू शकतो, हे त्या दिवशी त्यांनी पाहिलं. पायल ओरडत होती.

जीप करून त्याला जालन्याला नेलं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, फोटो काढला. दोन्ही बाजूंची छाती धुक्यासारखी पांढरी दिसत होती. टीबी निघाला नाही, कोरोना निघाला नाही. सलाईनमधून चढवलेल्या औषधांना ताप बधत नव्हता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, शांत बोलायच्या आणि येता-जाता एकच प्रश्न विचारायच्या. "हे शेतात फवारणी करतात का? कुठल्या धुरात, केमिकलमध्ये काम? सिगारेट, हुक्का, दुसरं काही ओढतात का?"

"न्हाई," पायल म्हणायची. "सिगारेट कधीचीच सोडली."

ऑक्सिजन लावायच्या आधी धम्मपालने तिचा हात दाबून सांगितलं होतं, पेनाचं नाव काढू नको, बंदीची वस्तू, पोलीस केस होईल, दुकान जाईल. पायलने नवऱ्याचा शब्द पाळला. बाकावर बसलेल्या चांगुणाबाईंना पेन आठवत होतं. पण त्यांना वाटायचं, ते आधीचं स्पिरिट आता बाधलं. इतके दिवस छातीत दारू भरली, ती कुठेतरी निघणारच. बरं झालं आपण वेळेत बदललं, नाहीतर आज काय झालं असतं! असा विचार त्या पुन्हा पुन्हा करायच्या आणि त्यावर टेकायच्या. टेकायला दुसरं काही नव्हतं.

मग धम्मपालची धाप आणखी वाढली. मॅडम म्हणाल्या, श्वासाचं मशीन लावावं लागेल असं दिसतं. तेव्हा पायलचा धीर सुटला. तिने पर्समधून पेन काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि रडायला लागली. "हे ओढतेत. घरीच बनवतेत लिक्विड. पोलिसांना नका सांगू."

"पोलिसांचं सोडा. आत काय घालतात ते सांगा. सगळं."

पायलने सांगितलं. मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन, मित्राकडून मिळणारं निकोटिन, आणि वासाला व्हॅनिलाचा अर्क, स्पिरिटवरचा.

मॅडम एकदम पुढे झुकल्या. "नक्की स्पिरिटवरचा? तेल नाही ना? नीट आठवा. तेलावरचे वास असतात. ते पोटात गेले तर काही नाही, पण वाफेबरोबर छातीत गेले तर फुफ्फुसात साचतात. शरीराला ते बाहेर काढता येत नाही. फोटो मला तसाच वाटतोय."

"तेल न्हाई, मॅडम. बिलकुल न्हाई." पायलने डोळे पुसले. "त्यांना माहीत होतं. तेलाचं चालत न्हाई, जीव जाऊ शकतो, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून तर मुद्दाम स्पिरिटवरचा मागवला. तेवढं एक ते फार जपायचे."

"स्पिरिट ओढणंही काही चांगलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तेल नसेल तर मग हे दुसरं काहीतरी आहे. बुरशीचं इन्फेक्शन धरून चालू. त्याचं औषध जड आहे, पण आता थांबून चालणार नाही." आणि त्या उठून बाहेर गेल्या.

चांगुणाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं. तेल. जीव जाऊ शकतो. मुद्दाम स्पिरिटवरचा. ज्याला आपण दारूतून ओढून काढलं म्हणून विहारात डोळे पुसले, त्याच्या छातीत आपण आपल्या हाताने तेल ओतलं होतं. आणि तो बिचारा ते हलवून हलवून ओढत होता.

त्या व्हरांड्यात गेल्या, परत आल्या, परत गेल्या. सांगितलं तर पायल गेली. एकुलती एक पोर, जिने एवढा एकच शब्द मागितला होता. आणि नाही सांगितलं तर? बाटली घरी आहे. आजच्या आज शहागडला जाऊन ती पुलावरून फेकली, तर जगात कुणालाही कळणार नाही. हा विचार त्यांच्या मनात आला. चांगल्या बाईच्या मनात आला, म्हणून तो कमी काळा होता असं नाही. एसटीला किती वेळ लागेल, इथपर्यंत तो पोचला होता.

पाय मात्र त्यांना जावयाच्या खोलीकडे घेऊन गेले. काचेच्या दारातून त्या आत डोकावल्या. ऑक्सिजनचा मास्क लावलेला धम्मपाल पोट आणि मान ओढत श्वास घेत होता. त्याने सासूला पाहिलं. एवढ्या धापेतही त्याने पायांवरची सरकलेली चादर ओढून घेतली, आणि सासूसमोर आडवं पडून राहायचं नाही म्हणून कोपरावर उठायचा प्रयत्न केला. नर्सने त्याला दाबून निजवलं.

बाई वळल्या आणि धावल्या. त्या वयात, त्या फरशीवर, चपला हातात घेऊन धावल्या. मॅडम औषधांच्या खिडकीशी कागदावर सही करत होत्या. पायल शेजारी उभी होती.

"ते औषध देऊ नका, मॅडम. तेल व्हतं." आवाज त्यांचाच होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा येत होता. "तेलच व्हतं. म्या घातलं. बाटलीतलं स्पिरिटचं ओतून देलं आन तेलावरचं भरलं. त्यांना ठाव न्हाई. हिला बी ठाव न्हाई."

मॅडम रागावल्या नाहीत. त्याने बाईंना जास्तच भीती वाटली. कधीपासून, किती, कुठलं तेल, दुकान कुठलं, असं त्या एकेक विचारत गेल्या आणि बाई एकेक सांगत गेल्या. तिथूनच मॅडमनी राधेश्यामला फोन लावून माल कशाचा बनलेला आहे ते विचारून घेतलं. मग त्या आत निघून गेल्या आणि खोलीत एकदम गडबड सुरू झाली. नळी घालून फुफ्फुस थोडं धुऊन पाहिलं, तर आलेल्या पाण्यात तेलच होतं. औषधाची दिशा बदलली.

व्हरांड्यात दोघीच उरल्या. पायल आईकडे पाहत होती, अनोळखी बाईकडे पाहावं तशी.

"हुंगलंस ना शेवटी?" ती म्हणाली.

"पायल, मला वाटलं दारू हाय. मला लई भ्या वाटलं, बाई."

"मला का न्हाई इचारलंस?"

या प्रश्नाला उत्तर होतं. तुला दिलेला शब्द, जावयाची अदब, गावाची लाज. सगळी उत्तरं खरी होती, आणि त्या काचेच्या दाराबाहेर त्यातलं एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

धम्मपाल वाचला. मशीनवर जावं लागलं नाही, थोडक्यात टळलं. मॅडम म्हणाल्या, वेळेत सांगितलंत म्हणून. बाईंना ते वाक्य ऐकवेना. फुफ्फुसाचा काही भाग परत येणार नाही, तो किती ते पुढे कळेल, असंही त्या म्हणाल्या.

घरी आणलं तेव्हा खाटेजवळ ऑक्सिजनचं भाड्याचं यंत्र घरघरत होतं. दुकान अर्धा दिवस उघडायचं, तेही मित्र येऊन बसायचा म्हणून. घरघर एक क्षण थांबली तरी भिंतीपलीकडे चांगुणाबाई ताडकन उठून बसायच्या. लाईट गेली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांनी गाड्यावर जाणं सोडलं होतं. समोरून कोण ओलं गेलं, कोण कोरडं, त्यांना काही घेणं उरलं नव्हतं.

एक दिवस धम्मपालच त्यांच्याशी बोलला. भिंतीशी नाही, सरळ त्यांच्याकडे बघून. दोन शब्दांनंतर थांबत थांबत. "मामी, एक डाव... इचारलं असतं. म्या सांगितलं असतं."

"जावयाला कसं इचारावं, बापू?" बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. त्याने मान हलवली. त्याच्या मनात राग नसावा. राग धरायला लागतो तेवढा श्वासच त्याच्याकडे नव्हता.

त्याला पातळ पचेल म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी ज्वारीची पेज केली. थोडं मीठ, थोडं ताक. वाटी घेऊन त्या खाटेजवळ आल्या. धम्मपालने हात पुढे केला, आणि त्याच्या आणि वाटीच्या मधे पायलचा हात आला.

"आधी तू पी," ती म्हणाली.

ती ओरडून म्हणाली नाही. रागानेही म्हणाली नाही. बाईंनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे त्यांना भीती दिसली, स्वतःच्या ओळखीची, पुरती पिकलेली भीती. आता पोर त्यांनाच भिऊन होती. बाईंनी वाटी तोंडाला लावली. घोट घशाखाली उतरेपर्यंत पायल त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. मग तिने वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि नवऱ्याला दिली.

आता कुणाला सांगावं लागत नाही. चहा असो, पेज असो, नुसतं पाणी असो, चांगुणाबाई खाटेजवळ येतात, लेकीसमोर उभ्या राहून पहिला घोट स्वतः घेतात, आणि पायल हात पुढे करेपर्यंत थांबतात.